तेलाच्या तीन बाटल्या

दहिसर, २४ मे

प्रिय तेजल,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फाडलं नाहीस, एवढ्यानेच मला धीर आला आहे. आता तू कागद उलटसुलट करून बघत असशील. बाईचा यात काय डाव आहे? साहेबांनी लिहून घेतलंय का? शेवटी कुठे सही मागितली आहे का? बघ, नीट बघ. माझ्याकडून आलेली वस्तू तपासूनच घ्यावी, हे तुला मीच शिकवलं. तुझा जुना फोन लागत नाही, मेसेजवर एकच टिक येते, आणि मार्व्याची फेरी पकडून मनोरीला तुझ्या दारात उभं राहायची माझी छाती होत नाही. दोनदा जेट्टीपर्यंत आले आणि परत फिरले. म्हणून हा कागद.

आधी चांगलं लिहिते, कारण पुढे चांगलं फारसं नाही. दसऱ्याला आपल्या गाळ्यात मशीनची पूजा होती, आठवतं? तुझी आई आली होती, सरूबाई, अबोलीचा वळेसर माळून. पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी बांधलेलं ते ग्राइंडिंग मशीन तेव्हा नुकतंच उभं राहिलं होतं आणि साहेबांच्या बायकोला, मला, सगळ्यांना तू सांगत होतीस की हे टेबल लोखंडावर बसतच नाही, खालून दाबाने तेल येतं आणि टेबल त्या तेलावर तरंगतं. मधला थर तीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ. आम्ही माना डोलावल्या. सरूबाईंनी मात्र पुढे होऊन नऊशे किलोचं ते टेबल एका बोटाने ढकललं, आणि ते सरकलं. त्या ओरडल्याच, "आगो बाय, ही त होरीच हाय!" टेबलाला होडी म्हटल्यावर सामंतसाहेबांनासुद्धा हसू आवरेना. त्या दिवशी तू माझ्या कानात म्हणाली होतीस, "शुभाताई, सात वर्षं झाली आईला सांगते मी काय काम करते. आज कळलं तिला." मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. हे खोटं नाही. पुढचं सगळं वाचूनही हे खोटं मानू नकोस.

कुरबुर फेब्रुवारीत सुरू झाली. तुला माहीतच आहे, पण मला माझ्या बाजूने सांगू दे, कारण माझी बाजू तुला कधी दिसली नसेल. सकाळी घासलेला लोखंडी जॉब आरशासारखा यायचा. साडेअकरानंतर त्याच मशीनवर, त्याच चाकावर, त्याच हाताने घासलेल्या जॉबवर लाटा उठायच्या, ओल्या वाळूवर उठतात तशा. दुपारी तीनला तर नखालाही लागायच्या. मेंटेनन्सच्या चंद्रप्रकाशने पंप उघडला, फिल्टर बदलले. चाकाचं बॅलन्सिंग तीनदा झालं. शेजारच्या टॉवरच्या पायलिंगच्या हादऱ्यांवरही खापर फोडून झालं. त्यांचं काम आठवडाभर बंद होतं तेव्हाही लाटा आल्याच. मी टेबलावर पाचशे किलो वजन ठेवून डायल लावला. टेबल चार मायक्रॉन खाली गेलं, जेवढं जायला हवं तेवढंच. सगळे गेज जागच्या जागी. माझ्या सगळ्या कसोट्यांत मशीन पास आणि प्रत्यक्ष कामात नापास. तू म्हणालीस, "ताई, उभ्या वजनाला ते टिकतंय. हादऱ्याला टिकत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मी मान हलवली, पण तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये गेज आणि डायल यांवर विश्वास ठेवलेल्या बाईला ते पटलं नव्हतं. मला वाटलं, मशीन ठीक आहे. म्हणजे माणूस ठीक नाही.

एकदा हे मनात आलं की पुरावा शोधावा लागत नाही, तोच चालत येतो. माझी आई म्हणायची, "संशयाक औषद नाय गो." मी निळ्या पुठ्ठ्याची एक छोटी वही केली आणि कोण कधी मशीनजवळ जातं ते लिहायला लागले. पहिल्या आठवड्यात पाच जणांची नावं होती. दुसऱ्यात दोन उरली. तिसऱ्यात फक्त तुझं. अकराच्या सुमारास तू भिंतीमागे तेलाच्या टाकीकडे जायचीस, दुपारी तीनला परत जायचीस, आणि लाटाही नेमक्या त्याच वेळी. तू मावसबहिणीच्या हळदीला दोन दिवस रजेवर गेलीस. त्या दोन दिवसांत एकही लाट नाही. मी त्या तारखांखाली दोन रेघा मारल्या. तू फोन आला की बाहेर जिन्यात जाऊन बोलायला लागली होतीस, मी आले की "नंतर करते" म्हणून ठेवायचीस. डब्याच्या पिशवीची चेन आधी उघडी असायची, आता बंद. आणि मग एके दिवशी टाकीच्या झाकणावरचं माझं सील, "उघडू नये" लिहिलेलं, माझ्या सहीचं, मधोमध कापलेलं सापडलं. ब्लेडने, सरळ रेषेत. एवढी सरळ रेषा आपल्या गाळ्यात दोनच माणसं कापतात, तू आणि मी.

तेव्हा तुला विचारलं असतं तर? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. सात वर्षं आपण एका डब्यात जेवलो. तुझ्या सुकटीची चटणी आणि माझी कुळथाची पिठी. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोन रात्री तू हॉस्पिटलच्या बाकावर काढल्यास. "तेजल, सील तू कापलंस का गं?" एवढंच विचारायचं होतं. पण मला खरं उत्तर नको होतं, मला माझी वही खरी ठरायला हवी होती. एवढी मन लावून भरलेली वही.

मार्चमध्ये पुण्याचे गिऱ्हाईक मशीन बघायला आले. सकाळी सगळं झकास झालं आणि दुपारी साहेबांसमोर जॉबवर लाटा आल्या. ते लोक मशीन पास न करताच चहा पिऊन गेले. साहेब केबिनमध्ये डोकं धरून बसले होते. तेव्हा मी आत गेले आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. कोणी मागितली नव्हती. मी ठेवली.

त्यांनी तुला बोलावलं. तू आलीस तेव्हा वही उघडी होती. माझं अक्षर तू वाचलंस, मी पाहिलं. साहेबांनी विचारलं, "सील तू फोडलंस?" तू म्हणालीस, "हो." "कशाला?" तू साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "मला अजून एक आठवडा द्या. मग सगळं सांगते." साहेब ओरडले, "आठवड्यात काय राहिलेलं तोडणार आहेस?" मी तुझ्या त्या नजरेचा अर्थ लावला की चोर सापडला. मग गेटवर तुझी पिशवी उघडली गेली. सगळा गाळा बघत होता आणि मी रजिस्टर घेऊन उभी होते, जणू बाहेरून आलेल्या मालाची नोंद करते आहे. डबा, छत्री, आणि रुमालात गुंडाळलेल्या काचेच्या तीन छोट्या बाटल्या, तेलाने भरलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. ९.०० – १. ११.३० – ९. ३.०० – १६. तू फक्त रुमाल परत मागितलास. तो तुझ्या आईचा होता.

ते आकडे मी साहेबांना कसे समजावले ते ऐक, म्हणजे मी कुठल्या थराला गेले होते ते तुला कळेल. मी म्हटलं, ही दुसऱ्या कंपनीसाठी केलेली खूण असणार, सांकेतिक. साहेबांना पटलं. बाटल्या उजेडाला धरून पाहिल्या, तिन्हींत तेल सारखंच स्वच्छ, सोनेरी. काही मिसळलेलं दिसेना, तर मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे फारच हुशारीने मिसळलंय. बघ, काही सापडलं नाही हाही पुरावाच झाला. बाटल्या माझ्या कपाटात कुलपात गेल्या, टाकीच्या झाकणावर मी नवं सील लावलं. तुझ्या खणातलं सामान एका खोक्यात भरून माझ्या टेबलाखाली ठेवलं, मनोरीला पाठवायचं म्हणून. ते मी पाठवलं नाही.

तू गेल्यावर दहा दिवस एकही लाट आली नाही. लोक म्हणाले, बघा. मीही म्हटलं, बघा. त्या दहा दिवसांत मशीन दिवसाला तासभर चालत होतं हे कोणी बोललं नाही, कारण सलग चालवून बघायचं काम तुझं होतं आणि तू नव्हतीस. तुझ्या रजेच्या दिवशीही हेच झालं होतं. माझ्या वहीत तुझी रजा होती, पण मशीन किती तास चाललं त्याचा रकानाच नव्हता.

अकराव्या दिवशी मशीन सकाळपासून चालवलं आणि दुपारी लाटा परत. कोणालाही वाटेल की आता तरी मला शरम वाटली असेल. नाही तेजल. मला वाटलं, तिचा कोणीतरी साथीदार आत आहे. मी चंद्रप्रकाशवर नजर ठेवायला लागले. इन्स्पेक्शन रूमची ती काच आहे ना, तिथे जॉब मोजायचं निमित्त करून उभी राहायचे. तो दिवसातून चारदा टाकीजवळ जायचा आणि पत्र्याला कान लावून उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्याने तिथूनच वळून माझ्याकडे पाहिलं, सरळ आत आला आणि म्हणाला, "मॅडम, आता माझी पण वही चालू केली काय?" मी हातातला गेज खाली ठेवला. तो म्हणाला, "मी सांगतो ना काय करतो. टाकीत नळ चालू राहिल्यासारखा आवाज येतो. तेजलताई मला म्हणाली होती, ऐकत राहा. तुमचं सील आहे म्हणून मी उघडत नाही. तुम्ही उघडा."

तेव्हाही मला वाटलं, हा मला अडकवतोय. उघडायला लावील आणि मग म्हणेल, मॅडमनी काहीतरी टाकलं. मी दोन माणसं साक्षीला बोलावली, मग सील कापलं आणि झाकण उचललं.

आत फेस होता. चार बोटं जाड, पिवळट, उतू जाणाऱ्या दुधावर येतो तसा. आणि मशीनकडून परत येणाऱ्या तेलाचा पाइप वर, तेलापासून वीतभर उंचीवर संपला होता. तिथून तेलाची धार पडत होती, पडताना हवा आत ओढत होती, आणि तेच हवा भरलेलं तेल पंप उचलून टेबलाखाली पाठवत होता. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तेल दबत नाही, हवा दबते. रात्रभर बंद असलेल्या टाकीत बुडबुडे वर येऊन फुटतात, म्हणून सकाळ चांगली. दिवस चढतो तशी हवा वाढते, टेबलाखाली नुसतं तेल राहत नाही, स्प्रिंग तयार होते. पाचशे किलो शांतपणे ठेवले तर ती तेवढीच दबते आणि थांबते, माझा डायल खूश. पण फिरतं चाक हादरे देतं तेव्हा ते शोषून घ्यायला तिथे काही उरत नाही. तू म्हणाली होतीस तेच. उभ्या वजनाला टिकतंय, हादऱ्याला नाही.

मी साक्षीदारांना पाठवून दिलं आणि ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंगमध्ये पाइप तेलाच्या पातळीखाली शंभर मिलिमीटर बुडालेला. तुझंच ड्रॉइंग, बरोबर. मग फाइल चाळली. जानेवारीत जागा करायला टाकी भिंतीमागे हलवली होती ना, तेव्हा पाइप आखूड पडला होता आणि फिटरने चिठ्ठी दिली होती, नवीन मागवायचा का? तू त्या आठवड्यात नाशिकला होतीस. चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं, "चालेल." पुढे सही. माझी.

मला आठवतसुद्धा नव्हतं. उभ्या उभ्या केली असणार, चहाचा कप हातात असताना. त्याच दिवशी मी त्या झाकणावर सील लावलं. म्हणजे चूक आत कोंडून वर माझं नाव चिकटवलं आणि मग दोन महिने बाहेर चोर शोधत फिरले.

दार लावून घेतलं आणि टेबलाखालचं तुझं खोकं उघडलं. तुझी वही वाचली. तुझी परवानगी नव्हती, पण परवानगीची चाड मला तोवर कुठे होती! तुझ्या वहीत सगळं होतं. तू तिन्ही वेळांना टाकीतून तेल काढायचीस आणि घड्याळ लावून बघायचीस की ते निवळायला किती मिनिटं लागतात. एक, नऊ, सोळा. ती माझी सांकेतिक खूण. म्हणूनच मी बाटल्या उजेडाला धरल्या तेव्हा तेल स्वच्छ होतं, तुझा पुरावा कधीच वर येऊन फुटून गेला होता. जिन्यातले फोन अंधेरीच्या तेल तपासणाऱ्या लॅबचे होते. त्यांनी गुरुवारी नमुने मागितले होते, आणि तुझी पिशवी उघडली गेली तो बुधवार होता. त्या पानाच्या तळाशी तुझ्या बारीक अक्षरात एक ओळ होती. "पाइपच्या चिठ्ठीवर शुभाताईंची सही आहे. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कोणाला बोलायचं नाही. आपण चुकत असलो तर त्यांचं नाव उगाच खराब होईल."

एक आठवडा तू माझ्यासाठी मागत होतीस.

मी काय केलं ते आता सांगते. नवीन पाइप मागवला. रजिस्टरमध्ये लिहिलं, "नेहमीची देखभाल." चंद्रप्रकाशने तो बसवला, हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि गेला. मशीन सहा तास सलग चाललं, एक लाट नाही. एप्रिलअखेर पुण्याचे लोक येऊन पास करून गेले. पेढे वाटले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "शुभाताईंनी डोळे उघडे ठेवले म्हणून आपण वाचलो." आणि तेजल, मी तो पेढा खाल्ला. गाळ्यात आजही नवीन येणाऱ्याला सांगतात की इथे एक मुलगी होती, तिने तेलात काहीतरी केलं होतं. मी ऐकत असते. चंद्रप्रकाश ऐकत असतो. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मला आधी भीती वाटायची की हा कधीतरी बोलेल. नंतर भीती वाटायला लागली की हाही कधीच बोलणार नाही.

मग मागच्या रविवारी मी चारकोपच्या मासळी बाजारात गेले आणि सरूबाईंनी लांबून हाक मारली. मी दुसऱ्या गल्लीत वळणार होते, पण हाक आली म्हटल्यावर गेले. मला वाटलं, आता चार लोकांत माझी शोभा होणार. वाटलं, होऊ दे. तर त्यांनी मला पाटावर बसवलं, मांदेलीचा वाटा काढला, वर दोन बोंबील टाकले. तू घरी काहीच सांगितलेलं नाहीस, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यांना एवढंच माहीत आहे की कंपनीत काम कमी झालं. म्हणाल्या, "पोरीला मुलुंडचं काम लागत व्हतं गो. समदा ठरलेला. मंग कनची माशी शिंकली कुनास ठाव. तवापासून बोलत नाय जास्ती." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू मोठी हायेस, शिकलेली हायेस. तुज्या साहेबाकं येक शब्द टाक ना बाय माज्या पोरीसाटी." त्यांच्या हाताला बर्फाचा गारवा होता. मी वाटा घेतला, पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. फिटरची चिठ्ठी, तुझं ड्रॉइंग, तुझी वही आणि माझी निळी वही, चारही समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचून पालथी ठेवली आणि म्हणाले, "झालं ते झालं शुभाताई. मशीन गेलं, गिऱ्हाईक खूश आहे. आता उकरून काय मिळणार? तुमची निवृत्ती चार वर्षांवर आली." मी म्हटलं, साहेब, तिची पिशवी सगळ्यांसमोर उघडली होती. साडेदहाच्या चहाला सगळे जमले तेव्हा मी काय झालं ते मोठ्याने सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. कप ठेवून एकेक जण कामाला गेला. साहेब संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, "ती परत येईल का, विचारा." मी म्हटलं, तुम्ही विचारा. तर त्यांचा फोन आला तर तो माझा डाव नाही, हे लक्षात ठेव. जायचं की नाही ते तुझं. मी तुझ्या जागी असते तर गेले नसते.

एवढं वाचून तुला वाटेल की बाईने पाप कबूल केलं आणि आता माफी मागतेय. माफीसाठी लिहायचं असतं तर इथेच थांबले असते, कारण इथवरचं तुला उद्या कोणीही सांगेल. पुढचं कोणालाच माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही तर तुला कधीच कळणार नाही. ती माशी मी होते, तेजल. मुलुंडहून नमिता परांजपे म्हणून त्यांच्या मॅनेजरचा मला फोन आला होता. तू अर्जात संदर्भासाठी माझं नाव दिलं होतंस. इतकं होऊनही माझंच. त्यांनी विचारलं, "कशी आहे मुलगी?" मी म्हटलं, "तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही." त्या समजायचं ते समजल्या. आणि हा फोन पाइप बदलल्यानंतर पाच दिवसांनी आला होता. मला सगळं माहीत होतं. आधी केलं ते संशयाने केलं, हे मी माझं नाव वाचवायला केलं. परवा मी त्या बाईंना आपणहून फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की ती जागा भरली, पण जुलैत टेस्टिंगला दुसरी निघतेय, आणि तुझा जुना नंबर लागत नाही, नवीन द्याल का? तो मला सरूबाईंनी त्या दिवशी वाट्याच्या कागदावर लिहून दिलेला आहे. मी त्यांना दिला नाही आणि त्यावर स्वतःही फोन केला नाही, कारण तो तू दिलेला नाहीस. म्हटलं, आधी तिला विचारते. म्हणून हे पत्र. तुझ्याबद्दल कुणाशीही आणखी एक शब्द बोलायच्या आधी, या वेळी तुला विचारतेय. त्यांना तुझा नंबर देऊ का? हो किंवा नाही, एवढंच कळव, आणि मला कळवायचं नसेल तर चंद्रप्रकाशला कळव.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
शुभाताई